जुनी डॅनिश जेवणाची खुर्ची: पारखणे, सांधे बसवणे, बैठक विणणे

१९४५ ते १९७० या काळात डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे आणि फिनलंडमध्ये बनलेल्या लाकडी जेवणाच्या खुर्च्या आजही वापरात आहेत. नव्याने घेणारा माणूस मात्र बहुतेक वेळा चुकीच्या जागी बघतो. तो लाकडाची चमक पाहतो, फाटकी बैठक पाहून मागे सरतो आणि शिक्का शोधतो. फाटकी बैठक दोन दिवसांत नवी होते आणि निस्तेज साग अर्ध्या दिवसात उजळतो. शिक्का नसला म्हणून खुर्ची खोटी ठरत नाही. पैसे द्यायचे ते चौकटीचे आणि सांध्यांचे.

कोणत्या खुर्च्या समोर येतात

डॅनिश रेखाटनकार हान्स वेग्नर यांची सीएच २४, म्हणजे पाठीत इंग्रजी वाय अक्षराची पट्टी असलेली खुर्ची, १९४९ मध्ये रेखाटली गेली. १९५० पासून ती कार्ल हान्सन अँड सन या कारखान्यात सलग बनते आहे. त्यामुळे ‘जुनी’ म्हणून विकली जाणारी प्रत सत्तर वर्षांचीही असू शकते आणि दहा वर्षांचीही. तिची वरची अर्धगोल दांडी एकाच अखंड लाकडाला वाफ देऊन वाकवलेली असते. नकलेत ती बरेचदा तुकडे जोडून केलेली असते, म्हणून त्या दांडीवर जोडाची रेघ दिसते का ते आधी बघा.

नील्स ओटो मोलर यांनी १९४४ मध्ये ऑरहूस इथे कारखाना काढला. त्यांची ७१ (१९५१), ७५ (१९५४), ७७ (१९५९) आणि ७८ (१९६२) ही मॉडेल्स जुन्या बाजारात सतत दिसतात. नवशिक्याने पहिली खुर्ची म्हणून यांतलीच एखादी घ्यावी असे आमचे मत आहे. लाकूड भरीव असते, रचना सरळ असते, आणि कागदी दोरीची बैठक असेल तर ती विणण्याची पद्धत शिकायला सोपी जाते. खिसा हलका असेल तर डॅनिश सहकारी संस्था एफडीबीसाठी बनलेल्या खुर्च्या बघा: बोर्गे मोगेन्सेन यांची जे ३९ (१९४७) आणि पोल फोल्थर यांची उंच पाठीची जे ४६ (१९५६). त्या सामान्य घरांसाठीच काढल्या होत्या आणि त्याच हिशेबाने टिकल्या आहेत.

युरोपात राहणाऱ्यांना डेन्मार्कमध्ये ‘डेन ब्लो अव्हीस’ आणि स्वीडनमध्ये ‘ब्लॉकेट’ या जुन्या वस्तूंच्या जाहिरातींच्या संकेतस्थळांवर हा माल सापडतो. मुंबईत जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात या शैलीच्या सागवानी खुर्च्या मिळतात, पण त्यांतल्या बहुतेक इथेच बनलेल्या असतात. त्यात वाईट काही नाही, फक्त दाम त्या हिशेबाने द्यावा. चंदीगडच्या सरकारी इमारतींसाठी वास्तुकार पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली बनलेल्या वेताच्या खुर्च्याही कधी ‘स्कँडिनेव्हियन’ म्हणून खपवल्या जातात. त्यांचा त्या देशांशी संबंध नाही.

पाहणी: खुर्ची उलटी करा

सपाट फरशीवर खुर्ची ठेवून चारही पाय टेकतात का पहा. मग एक हात पाठीच्या वरच्या टोकाला आणि दुसरा बैठकीच्या पुढच्या पट्टीला लावून खुर्चीला हलका पीळ द्या. आधी मागच्या पायाचा आणि बाजूच्या पट्टीचा सांधा बघायचा. माणूस मागे रेलला की सगळा भार तिथेच येतो. सांधा किंचित उघडमिट करत असेल तर तो पुन्हा चिकटवता येतो. सांध्याभोवतीचे लाकूडच धाग्याच्या दिशेने चिरले असेल, तर ती दुरुस्ती नवशिक्याची नाही.

आता खुर्ची उलटी करा. कोपऱ्यात लोखंडी कोनपट्टी, सांध्यातून आरपार गेलेला स्क्रू किंवा फेसाळून सुकलेला पिवळट गोंद दिसला तर किंमत निम्म्यावर आणा, नाहीतर सोडून द्या. स्क्रू आतला कुसू, म्हणजे खाचेत बसणारे लाकडाचे टोक, फोडतो. फेसाळणारा पॉलियुरेथेन गोंद किंवा इपॉक्सी लागलेला सांधा पुन्हा स्वच्छ उघडत नाही. याउलट दोरी तुटलेली, कापड फाटलेले, लाकूड कोरडे पण सांध्याला कोणाचा हात लागलेला नाही, अशी खुर्ची मिळाली तर लगेच घ्या.

शिक्का किंवा धातूची चकती बैठकीच्या पट्टीच्या आतल्या अंगाला असते. १९५९ नंतरच्या काही खुर्च्यांवर ‘डॅनिश फर्निचर मेकर्स कंट्रोल’ ही गोल खूण दिसते. ती दर्जाची खूण आहे, त्यावरून रेखाटनकार कळत नाही.

सहाचा संच घेत असाल तर प्रत्येक खुर्चीच्या बैठकीची उंची मोजा. गालिचावर बसावी म्हणून किंवा झिजलेले टोक लपवण्यासाठी पाय कापलेले असतात, आणि एकच खुर्ची दोन सेंटिमीटरने बुटकी निघते. आजच्या सीएच २४ ची बैठक ४५ सेंटिमीटरवर आहे, जुन्या प्रतींची साधारण ४३ वर, आणि इतर खुर्च्या साधारण ४३ ते ४६ मध्ये बसतात. बैठक आणि टेबलाचा वरचा पृष्ठभाग यांत २८ ते ३० सेंटिमीटर अंतर असेल तर जेवताना खांदे वर चढत नाहीत. आपल्याकडची अनेक टेबले ७६ सेंटिमीटरची असतात, त्यामुळे ४३ ची खुर्ची घेण्यापूर्वी घरचे टेबल मोजून या.

लाकडाबद्दल एक इशारा. साग, ओक आणि बीच यांची अडचण नाही. पण विक्रेत्याने ‘पलिसँडर’ म्हटले तर ते शिसवीच्या कुळातले लाकूड असते, आणि या काळातल्या डॅनिश फर्निचरमध्ये ते बहुधा ब्राझीलचे असते. ती जात १९९२ पासून साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. अशी खुर्ची एका देशातून दुसऱ्यात न्यायची तर ती त्यापूर्वीची असल्याचा दाखला आणि परवाने लागतात. भारतात परतताना घरसामानात ती सहज टाकून आणू असे समजू नका. बीचमध्ये कीड लागते. टाचणीच्या डोक्याएवढी भोके आणि खाली ताजा पिवळसर भुगा दिसला तर ती खुर्ची घरातल्या इतर फर्निचरजवळ नेऊ नका.

कामाचा क्रम

आधी सांधे, मग लाकूड, शेवटी बैठक. बैठक आधी विणली तर दोरीच्या ताणाने ढिले सांधे चुकीच्या जागी घट्ट बसतात, आणि नंतर लावलेले तेल दोरीत शिरून न जाणारे काळे डाग पडतात.

सांधे

प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना कागदी टेप लावून एकच क्रमांक लिहा. डावा-उजवा पाय सारखा दिसतो, पण भोके सारखी नसतात. मग लोहचुंबक सांध्याच्या आतल्या अंगावर फिरवा, कारण कुसू किंवा डॉवेल (दोन भाग जोडणारी गोल लाकडी खुंटी) पक्का करायला बारीक खिळा मारलेला असू शकतो. तो न काढता सांधा ठोकला तर लाकूड फाटते.

जो सांधा हलतो तोच उघडायचा. घट्ट सांध्याला हात लावू नका. पण बैठकीच्या चौकटीचे चारपैकी तीन कोपरे ढिले असतील तर चौथाही उघडा, नाहीतर चौकट चौरस येत नाही. लाकडाचा ठोकळा मध्ये धरून रबरी किंवा लाकडी हातोड्याने, सांध्याच्या अगदी जवळ, छोटे ठोके द्या. लोखंडी हातोडा सागावर चंद्रकोरीसारखे वण ठेवतो.

सांधा अडला तर आत कोणता गोंद आहे ते ओळखा. खरवडल्यावर मधाच्या रंगाचे, काचेसारखे ठिसूळ कण निघाले आणि कोमट पाण्याने ते चिकट झाले, तर तो सरस, म्हणजे प्राण्यांच्या कातड्या-हाडांचा गोंद. सिरिंजने थोडे स्पिरिट सोडले की सरस ठिसूळ होऊन सुटतो. रबरासारखा आणि पाण्याने पांढरा पडणारा असेल तर तो पांढरा गोंद, म्हणजे फेविकॉलच्या जातीचा. त्याला कोमट व्हिनेगर लागते आणि वीसेक मिनिटे धीर लागतो.

सांधा उघडल्यावर जुना गोंद पूर्ण काढा. घरच्या दुरुस्त्या फसतात त्या बहुधा इथेच. नवा पांढरा गोंद जुन्या पांढऱ्या गोंदाच्या थरावर पकडत नाही. वरून घट्ट वाटते आणि चार महिन्यांत खुर्ची पुन्हा डुलू लागते. पटाशीने गोंद खरवडा, पण लाकूड तासू नका. कुसू अर्ध्या मिलिमीटरने बारीक झाला तरी सांधा सैल होतो. सरस असेल तर कोमट ओल्या फडक्याने धुऊन एक दिवस वाळू द्या.

डॉवेल तुटले असेल तर बाहेरचा भाग कापून सपाट करा, मधोमध आधी बारीक भोक घ्या आणि मग मूळ मापाचे. ही मापे बहुधा ८ किंवा १० मिलिमीटर असतात. नवे डॉवेल बीचचे आणि खाचा असलेले घ्या. लांबी दोन्ही भोकांच्या एकूण खोलीपेक्षा २ मिलिमीटर कमी ठेवा. पूर्ण लांबीचे घातले तर तळाशी अडकलेल्या गोंदाला जायला जागा राहत नाही आणि क्लॅम्प आवळताच पट्टी चिरते.

मूळ गोंद सरस असेल तर पुन्हा सरसच वापरा. नवा सरस जुन्या अवशेषाशी एकजीव होतो आणि पुढच्या दुरुस्तीला उघडतोही. तो साधारण ६० अंशांवर गरम ठेवायचा, उकळला की जोर जातो. हे जमत नसेल तर साधा पांढरा गोंद चालेल. गोंद लावण्यापूर्वी एकदा सगळे कोरडेच जोडून, क्लॅम्प लावून बघा. पांढरा गोंद लावल्यावर हातात पाच-दहा मिनिटेच असतात, तेव्हा क्लॅम्प शोधत बसता येत नाही.

पहिल्या दिवशी पुढचे दोन पाय आणि पुढची पट्टी जोडा, आणि मागचा भाग वेगळा जोडा. दुसऱ्या दिवशी बाजूच्या पट्ट्यांनी दोन्ही एकत्र करा. वक्र पायांवर सरळ क्लॅम्प घसरतो, म्हणून गाडीवर सामान बांधायचा रॅचेटचा पट्टा चौकटीभोवती आवळा आणि कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या ठेवा. वरून दोन्ही कर्ण मोजा. चौकट पुढे रुंद आणि मागे अरुंद असली तरी कर्ण सारखेच यायला हवेत. फरक आला तर लांब कर्णाच्या दिशेने दाब द्या. चारही पाय सपाट फरशीवर टेकलेले असताना २४ तास सोडा. बाहेर आलेला गोंद लगेच ओल्या फडक्याने पुसा, कारण सुकलेल्या गोंदावर तेल चढत नाही आणि तिथे फिका डाग राहतो.

लाकूड

पॉलिश पेपर शेवटी उचला, आणि शक्यतो उचलूच नका. साठ वर्षांत सागाला आलेला रंग वरच्या पातळ थरात असतो, आणि घासलेली एक खुर्ची उरलेल्या पाचांशी कधीच जुळत नाही. पाठीच्या वाकवलेल्या पट्ट्या काही खुर्च्यांत व्हिनिअरच्या, म्हणजे वर चिकटवलेल्या लाकडाच्या पातळ पापुद्र्याच्या, असतात, तिथे दोन जोरकस हातांत खालचा थर दिसतो.

लपलेल्या जागी पाण्याचा थेंब ठेवा. काही मिनिटांत लाकूड गडद झाले तर तेलाचा हात आहे, थेंब तसाच उभा राहिला तर लाखेचा (लॅकरचा) किंवा मेणाचा. थिनरच्या बोळ्याने पृष्ठभाग चिकट झाला तर लाख नक्की. लाखेवर तेल लावून उपयोग नाही, ते वर चिकट राहते आणि धूळ धरते.

तेलाच्या सागाला आधी टर्पेंटाइनने भिजवलेल्या मऊ फडक्याने धाग्याच्या दिशेने पुसा. फडके तपकिरी येणे थांबेपर्यंत बदलत राहा. हात टेकतो तिथला काळा थर सौम्य साबणाच्या पाण्याने काढा. एक दिवस वाळू दिल्यावर टीक ऑइलचा किंवा डॅनिश ऑइलचा पातळ हात द्या, १५-२० मिनिटे थांबा आणि उरलेले पूर्ण पुसून घ्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. जाड हात दिला तर आठवडाभर हाताला चिकटत राहील.

तेलाची फडकी चुरगाळून डब्यात टाकू नका. तेल सुकताना तापते आणि गोळा केलेले फडके आपोआप पेटते. ती मोकळ्या हवेत सपाट पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून मग फेका.

ओक आणि बीचच्या कित्येक खुर्च्या तेलाच्या नसून साबणाच्या असतात. एक लिटर कोमट पाण्यात साधारण ५० ग्रॅम शुद्ध, बिनरंगाच्या, बिनवासाच्या साबणाचे पापुद्रे विरघळवून ते पाणी धाग्याच्या दिशेने लावतात, जास्तीचे पुसतात आणि सुकल्यावर उठलेले धागे बारीक पेपरने हलके बसवतात. असे तीन-चार हात दिले की लाकूड फिके आणि मऊ राहते. ओकवर लोखंडी लोकर कधी वापरू नका. तिचे कण लाकडातल्या टॅनिनशी मिळून काळे ठिपके पडतात. नायलॉनचा घासणीचा चौकोन वापरा.

महाराष्ट्रात हे काम सुताराला देणार असाल तर नुसते ‘पॉलिश करून द्या’ म्हणू नका. सवयीने तो घासून, रंग चढवून मेलामाइनचे चकचकीत पॉलिश मारेल. फक्त तेल, रंग नाही, घासणे नाही, हे आधी ठरवून घ्या, आणि एका पायाच्या आतल्या बाजूला नमुना बघा.

बैठक: कागदी दोरी

ही दोरी घट्ट पीळ दिलेल्या कागदाची असते. दुसऱ्या महायुद्धात आयात होणारे गवत मिळेना तेव्हा डेन्मार्कमध्ये ती पर्याय म्हणून रुळली. खुर्चीला ३ मिलिमीटर जाडीची दोरी लागते. पीळ ठळक दिसणारी आणि गुळगुळीत दिसणारी असे दोन प्रकार मिळतात, जुन्या बैठकीतला तुकडा जवळ ठेवून जुळवा. सीएच २४ ला सुमारे १२० मीटर लागते. मोलरच्या साध्या खुर्चीला १ किलो धरा. सहा खुर्च्यांची दोरी एकदमच मागवा, कारण वेगवेगळ्या खेपांचा रंग थोडा वेगळा येतो.

सीएच २४ ची विण चार कोपऱ्यांतून मध्याकडे सरकते. चौकट पुढे रुंद असल्याने पुढच्या दोन कोपऱ्यांत आधी जादा फेरे देऊन फरक भरायचा, मग चारही कोपऱ्यांतून सलग फिरायचे. दोरीच्या गाठी खालच्या बाजूला. ही पहिल्या प्रयत्नाला घेऊ नका, एक कोपरा घसरला की सगळ्या रेघा तिरक्या होतात.

मोलरची पद्धत वेगळी आहे. चौकटीच्या पट्ट्यांच्या आतल्या अंगावर एल आकाराचे खिळे असतात, वाकडे टोक वरच्या बाजूला. दोरी पट्टीवरून बाहेर, मग खालून आत येऊन खिळ्यात अडकते आणि आल्या वाटेने परत जाते. त्यामुळे आपल्या बाजेसारखी अख्खी दोरी प्रत्येक वेळी ओढून घ्यावी लागत नाही, रिळातून फक्त फासा पुढे सरकवायचा.

जुनी दोरी कापण्यापूर्वी वरून, खालून आणि चारही बाजूंनी फोटो काढा. ताण्याच्या, म्हणजे पुढून मागे जाणाऱ्या दोऱ्यांच्या, जोड्या किती आणि दोन जोड्यांमध्ये पुढच्या व मागच्या पट्टीवर किती वेढे, हे मोजून लिहा. मग खालून कापा. पक्के खिळे तसेच ठेवून पक्कडीने जरा उघडा. हलणारा खिळा काढून भोकात गोंद लावलेली लाकडी काडी ठोका आणि नवा खिळा किंचित बाजूला मारा. शंभर खिळे जवळ असू द्यावेत.

पहिला टप्पा ताण्याचा. दोरीचे टोक डाव्या पट्टीच्या आत छोट्या खिळ्याने पक्के करा. पुढून मागे, मागून पुढे अशी दोन दोऱ्यांची जोडी घाला आणि पुढची जोडी सुरू करण्यापूर्वी मधली जागा पट्टीभोवती वेढे देऊन भरा. पुढची पट्टी लांब असल्याने तिथे वेढे जास्त आणि मागे कमी. ताणा सरळ राहावा, पण गच्च नको. बाणा, म्हणजे आडवी दोरी, वर-खाली जाताना ताणा आपोआप आवळतो. आधीच गच्च केला तर शेवटच्या ओळी शिरत नाहीत आणि पट्ट्या आत वाकतात. भीती वाटत असेल तर पुढच्या-मागच्या पट्ट्यांमध्ये एक लाकडी काठी अडसर म्हणून बसवा आणि विण अर्ध्यावर आली की काढा.

दुसरा टप्पा बाण्याचा, पुढून मागे. डावीकडून दोरीचा दुहेरी फासा एका जोडीवरून आणि पुढच्या जोडीखालून असा उजवीकडे न्या, उजव्या पट्टीला वळसा देऊन आतल्या खिळ्यात अडकवा, डावीकडची दोरी ओढून डाव्या खिळ्यात बसवा. पुढची ओळ उलट. दर तीन-चार ओळींनी ठोकळ्याने ओळी पुढे दाबा. बाजूच्या पट्टीचे लाकूड ओळींमधून दिसता कामा नये. ओळ तिरकी जाताना दिसली तर तेव्हाच उसवा, नंतर ती सरळ होत नाही. शेवटच्या पाच-सहा ओळींना बोट जात नाही. तिथे जाड तारेचा आकडा आणि बोथट स्क्रू-ड्रायव्हर लागतो. शेवटी सगळे खिळे हातोडीने मिटवून टाका.

दोरी भिजवू नका, पीळ सुटून कागद फुगतो. बोटांना चिकटपट्टी गुंडाळा, ही दोरी कातडी कापते. पहिल्या खुर्चीला दोन पूर्ण दिवस धरा.

कापडाची बैठक असेल तर काम सोपे आहे. खालचे चार स्क्रू काढले की प्लायवूडची फळी सुटते. साठच्या दशकातला फोम बहुधा भुगा झालेला असतो, मास्क लावूनच उघडा. २५ ते ३० मिलिमीटरचा, ४० डेन्सिटीचा फोम पुरतो. त्याहून जाड घातला तर फळी चौकटीत बसत नाही आणि उंचीही बदलते. १४० सेंटिमीटर पन्ह्याच्या कापडात दोन बैठका शेजारी-शेजारी निघतात, म्हणून सहा खुर्च्यांना २.१ मीटर घ्या. रेघांचे किंवा चौकटीचे कापड असेल तर अर्धा मीटर वाढवा.

नंतरची निगा

दोरीवर आमटी सांडली तर लगेच टिपून घ्या, चोळू नका. डाग राहिलाच तर घट्ट पिळलेल्या फडक्याने सौम्य साबण लावा आणि सावलीत पंख्याखाली वाळवा. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर बंद खोलीत ठेवलेल्या दोरीवर बुरशी येते. ती बाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झाडावी, ओल्या फडक्याने पुसली तर धाग्यात बसते. उत्तर युरोपात उलटा त्रास आहे: हिवाळ्यात हीटरने हवा कोरडी पडते, लाकूड आकसते आणि सांधे कुरकुरतात. खुर्च्या हीटरपासून मीटरभर तरी लांब असाव्यात. पायांखाली नमद्याच्या चकत्या लावा आणि त्या वर्षातून एकदा बदला. जुन्या चकतीत रुतलेली वाळूच फरशी ओरखडते.